कडुलिंबाला टांगलेली बरणी

दौंडच्या आमच्या घराची मागची भिंत रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांची होती. वडील मालधक्क्यावर हमाल होते. मालगाडीच्या वाघिणीतून, म्हणजे डब्यातून, सिमेंटची, खताची पोती उतरवायची आणि ट्रकमध्ये चढवायची. ठेकेदाराचा माणूस सकाळी धक्क्यावर उभा राहून बोटानं माणसं निवडायचा, आणि खोकणाऱ्याकडं त्याचं बोट जायचं नाही. म्हणून दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) घरातून निघायच्या आधी मोरीत जाऊन पोटभर खोकून घ्यायचे. आई वरवंडच्या बाजूला खुरपायला जायची. बायकांना न्यायला चौकात टेम्पो यायचा. एखादी काल आली नसेल तर आज तिच्या जागेवर दुसरीच बसलेली असायची.

त्यामुळं आमच्या घरात दुखणं सांगायचं नसतं. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, आपोआप कळलं. ताप आला की डोक्याला फडकं घट्ट बांधायचं आणि ऊन फार आहे म्हणायचं. पाय मुरगळला की चपलेला शिव्या द्यायच्या. वस्तीत सगळ्यांचंच असं होतं. माणूस अंथरुणाला खिळल्यावरच तो आजारी होता हे शेजारच्यांना समजायचं.

घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी अभिमानानं सांगते, आणि सांगायची संधी सोडत नाही. वस्तीतल्या विहारात चांगली ट्यूबलाइट होती, तिच्याखाली मी अभ्यास केला. बी.एस्सी. झाले, मग पुण्याला एम.एस्सी. केलं. दादांनी धक्क्यावर सगळ्यांना सांगितलं की पोरगी डॉक्टर होणार. तसं नसतं, हे त्यांना समजावून मी थकले.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा शिरूरच्या मावशीचं कळलं. आईची थोरली बहीण. तिला छातीत गाठ होती आणि आमच्या रीतीप्रमाणं ती तिनं दीड-दोन वर्षं झाकली होती. लुगड्याला डाग पडायला लागले तेव्हा सुनेनं बघितलं. शिरूरलाच एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. काढलेली गाठ मावसभावानं एसटीनं पुण्याला पोचवली, तपासणीला. उत्तर आलं, निगेटिव्ह. आम्हाला सगळ्यांना आनंद झाला. निगेटिव्ह म्हणजे काही नाही असं आम्ही समजलो, आईनं तर शेजारी साखर वाटली. डॉक्टरांनी मग मावसभावाला बसवून सांगितलं, की कॅन्सर तर आहेच. निगेटिव्ह म्हणजे ह्या जातीच्या गाठीला गोळी लागू पडत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी गेली. शेवटी शेवटी तिला पुण्याला नेलं होतं, तिथून ती परत आली नाही.

त्यानंतर आमच्या घरात भीती राहायला आली. आई अंघोळीला दाराची कडी लावायला लागली. आधी लावत नव्हती. मी तिला काही विचारलं की म्हणायची, "तिचं नशीब तिच्यासंगं गेलं. तू पुस्तकात डोकं घाल." मीही आरशासमोर उभी राहून हातानं चाचपायची आणि पटकन पदर ओढून घ्यायची. बहिणी बहिणींत हे दुखणं जातं, हे मी तोपर्यंत वाचलं होतं. वाचलेलं विसरता येत नाही, शिकण्याचा हा एक तोटा आहे.

पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात पॅथॉलॉजी विभागात संशोधनाची जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला आणि मला ती मिळाली. विषय स्तनाचा कॅन्सर. लोकांना वाटतं मी मावशीसाठी तो निवडला. खरं सांगायचं तर मी घाबरून निवडला. जे दारात येऊन बसलंय त्याचं तोंड तरी बघावं, असं.

काम काय ते साध्या शब्दांत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. काही गाठींच्या पेशींमध्ये एक प्रथिन असतं. ते बाईच्या शरीरातलं संप्रेरक धरून ठेवतं आणि त्यावर गाठ पोसली जाते. अशा गाठीला एक साधी गोळी आवर घालते, रोज एक, पाच वर्षं. ज्या गाठीत ते प्रथिन नाही तिला गोळी देऊन उपयोग नाही. आम्ही गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन त्यावर रंगाची प्रक्रिया करायचो. पेशींची केंद्रं तपकिरी झाली तर पॉझिटिव्ह, निळीच राहिली तर निगेटिव्ह. आमच्याकडं निळ्या काचा फार यायच्या. बाहेरच्या देशांत दिसतात त्याहून पुष्कळ जास्त. विभागप्रमुख, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, ते मोठे अभ्यासू गृहस्थ. ते म्हणायचे, "आपल्याकडच्या बायकांच्या गाठीच अशा असतात. सगळ्यांनी हेच लिहिलंय." सगळ्यांनी लिहिलं होतं, हे खरं होतं. मीही तेच पाठ करून मुलाखतीत सांगितलं होतं.

दोन-तीन वर्षं गेली. एका रविवारी मी दौंडला घरी होते. आई नळावरून पाणी भरून आली आणि मला काहीतरी खटकलं. घागर ती नेहमी डाव्या कडेवर घ्यायची. आज उजव्या.

"आई, घागर इकडं का घेतलीस?"

"बदल म्हणून."

"घागरीत कसला बदल?"

"तू शिकलीस म्हंजी आता पाणी कसं भरायचं तेबी सांगनार व्हय? सरक."

मी सरकले नाही. तिचा डावा हात धरून वर केला, आणि तिच्या तोंडावरून कळ गेलेली मला दिसली. मग ती खाली बसली आणि म्हणाली, "तुला सांगनारच हुते. तुझं ते पुस्तक लिहून झालं की." माझा पीएच.डी.चा प्रबंध व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता.

पुण्याला चल म्हटलं तर तिनं दाराची चौकट धरली. "पुन्याला नेलेली बाई माघारी येत न्हाई. माझी भन आली का?" दादांनी समजावलं, मी रडले, शेजारच्या काकू येऊन ओरडल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी दौंडलाच एका दवाखान्यात शुक्रवारी ऑपरेशन ठरलं. सर्जन चांगले होते. गाठ काढली, आणि काखेतली हरभऱ्याएवढी एक गाठ लागली तीही वेगळी काढली. मी आईच्या उशाशी होते. गुंगीत ती खुरप्याच्या मजुरीचं काहीबाही बडबडत होती. बरणी कुणी घेतली, कुठं ठेवली, याकडं माझं लक्ष नव्हतं. दादा म्हणाले, "ते मी बघतो. तू हितनं हलू नगं."

सोमवारी दादांनी शटल गाडीनं ती बरणी पुण्याला आणून आमच्या विभागात दिली. येताना डब्यात समोरच्या बाईनं त्यांना विचारलं होतं, "लेकीला लोणचं नेताय का, आप्पा?" ते म्हणाले होते, "व्हय." मला सांगताना ते हसले आणि मग हसू अर्ध्यावरच थांबवून भिंतीकडं बघत राहिले.

काचा तयार झाल्या त्या दिवशी सरांनी मला खोलीत बोलावलं. त्यांनी आधी बघितलं होतं. "बसा," म्हणाले. मी बसले नाही. उभ्यानंच सूक्ष्मदर्शकात डोळा घातला.

निळं. सगळीकडं निळं.

"वाईट वाटतं," सर म्हणाले. "पण केमोथेरपी आहे. आजकाल पुष्कळ..." ते पुढं काय म्हणाले ते मला आठवत नाही.  मला एवढंच समजत होतं की ह्या काचेवरून डोळा काढला की मला मागं वळावं लागेल, सरांना काहीतरी उत्तर द्यावं लागेल, मग स्टेशनवर जावं लागेल, मग घरी. म्हणून मी डोळा काढला नाही. काच नुसतीच इकडंतिकडं सरकवत राहिले.

अशी सरकवता सरकवता ती कडेला गेली. गाठीच्या कडेला थोडा निरोगी भाग आलेला असतो, दूध वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या. त्या नळ्यांमध्ये ते प्रथिन असतंच. कुठल्याही बाईच्या असतं, थोड्या तरी पेशी तपकिरी व्हायलाच हव्यात. त्याही निळ्या होत्या. अगदी टोकाला, जिथं काप संपतो तिथं, पुसट चहाच्या डागासारखी एक रेघ होती. आत सरकलं की पुन्हा निळं.

"सर, निरोगी नळ्यासुद्धा निळ्या आहेत."

त्यांनी बघितलं. "रंग कधी कधी कमी धरतो."

"मग गाठीतही कमी धरला असेल."

 ते हळूच म्हणाले, "तुम्ही मुलगी म्हणून बघताय. संशोधक म्हणून बघा."

हे वाक्य मला फार लागलं, कारण ते खरं असण्याची शक्यता होती. माणूस बुडताना पाण्यात दोरी बघतो. मी बघितलेली रेघ होती का, की मला हवी होती म्हणून दिसली? त्या दिवशी माझा माझ्याच डोळ्यांवर विश्वास राहिला नाही, आणि ही भीती आईच्या दुखण्याच्या भीतीपेक्षा वेगळी, जास्त वाईट होती.

मी दौंडला गेले. आई झोपली होती. दादा अंगणात बिडी ओढत होते. मी त्यांना विचारलं, "दादा, बरणी तुम्ही शनिवार-रविवार कुठं ठेवली होती?"

"का गं?"

"सहज."

"डाक्टर म्हनले, पुन्याचं शनवार-रईवार बंद असतंय, सोमवारी पोचवा. म्हनलं, हितंच ऱ्हाऊ द्या तवर. तर कंपौंडर म्हनला आमी न्हाई ठेवत, ज्याचं त्यानं न्यायचं." त्यांनी बिडी विझवली. "आता घरात कशी आणायची? मानसाचं मांस. ते काय चुलीपशी ठिवायचं? मग त्या रुळाकडच्या लिंबाला टांगली. पिशवीत घालून, उंच."

"उन्हात?"

"सावलीच हाय की तिथं. दुपारचं जरा ऊन येतं." मग ते थोडे पुढं झुकले. "मी काय टाकून आलो न्हाई हां. कुत्री येत्यात, कावळं येत्यात. खाली खाट टाकून बसलो हुतो. रातच्यालाबी तिथंच. म्हनलं, तुझ्या आईचं हाय."

एप्रिल संपत आला होता. दौंडचं एप्रिलचं ऊन ज्यानं बघितलंय त्याला जास्त सांगायला नको.

"दादा, बरणीत औषध किती होतं?"

"तळाला हुतं. गाठ निम्मी वरच हुती. कंपौंडर म्हनला, गाडीत हिंदकाळलं तर सांडंल, वास लई वाईट येतो त्याचा, म्हनून बेतानंच घातलं." माझा चेहरा बघून ते थांबले. "काय चुकलं का माझं?"

"नाही दादा. बरणी चांगली पोचली."

फॉर्मालिन, म्हणजे गाठ नासू नये म्हणून बरणीत घालायचं ते औषध, गाठीत शिरायला वेळ लागतो. सबंध, न कापलेली गाठ बरणीत टाकली तर मधल्या भागापर्यंत ते पोचता पोचता आतलं प्रथिन नासून जातं. इथं तर निम्मी गाठ कोरडीच उन्हात होती. जिथं औषध लवकर पोचलं, त्या कडेला तेवढी रेघ उरली होती. माझे डोळे ठीक होते. पण एवढ्यावरून आईला गोळी सुरू करता येत नव्हती. गाठ नासली हे कळलं. नासण्याआधी तिच्यात काय होतं हे त्यावरून कळत नव्हतं.

मग मला काखेतली ती हरभऱ्याएवढी गाठ आठवली. ती त्याच बरणीत होती, आणि लहान असल्यामुळं तळाशी गेली असणार, औषधात पूर्ण बुडालेली. तिच्यात औषध शिरायला कितीसा वेळ लागणार? तिच्यात कॅन्सर पोचला होता हे अहवालात होतंच, पण प्रथिनाची चाचणी तिच्यावर केलेली नव्हती. ती वाईट बातमी होती, आणि आता त्याच वाईट बातमीवर माझी सगळी आशा होती.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "करा. पण रंग तुम्ही लावायचा नाही, आणि काच आधी मी बघणार." मला राग आला होता, आज वाटतं त्यांचंच बरोबर होतं. काच तयार व्हायला दुसरा दिवस लागला. तो दिवस मी परीक्षानळ्या धुण्यात घालवला. धुतलेल्या पुन्हा धुतल्या. प्रयोगशाळेतला शिपाई म्हणाला, "मॅडम, घासून घासून काच पातळ होईल."

सरांनी बघायला फार वेळ लावला. मी दाराशी उभी होते. त्यांनी मान वर न करता हातानं बोलावलं.

तपकिरी. पेशीमागून पेशी, उकळलेल्या चहाच्या रंगाची.

"याला निगेटिव्ह म्हणता येणार नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मला वाटतं त्यांनाही त्या क्षणी आमच्या कपाटातल्या सगळ्या निळ्या काचा आठवल्या असाव्यात.

आईला गोळी सुरू झाली. तिनं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. "रोज एक? कवापर्यंत?"

"पाच वर्षं."

"म्हंजी पाच वर्षं जगायचं म्हन की." आणि दादांकडं बघून, "ऐकलं का? येवढ्यात सुटका न्हाई तुमची."

मी हसले, पण माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. मावशीच्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा आमच्याच विभागाच्या तळघरात होता. मी तिथं लागायच्या आधीचा. असे तुकडे वर्षानुवर्षं जपून ठेवतात. तो काढायला मी बरेच दिवस गेले नाही. जिना उतरायची आणि अर्ध्यातून परत यायची. मावशी पॉझिटिव्ह निघाली तर? एका गोळीनं ती वाचली असती असं निघालं, तर मी आईला काय सांगणार होते, मावसभावाला काय सांगणार होते? त्यानंही त्याची बरणी शिरूरला गोठ्याच्या आढ्याला टांगली होती. मी त्याला फोनवर विचारलं होतं, आणि का विचारलं ते सांगितलं नव्हतं.

शेवटी काढला. काप घेतले, रंग लावला, बघितलं. गाठ निळी. निरोगी नळ्याही निळ्या. टोकाला रेघसुद्धा नाही. काखेतली गाठ काढलेलीच नव्हती.

म्हणजे काहीच सांगता येत नव्हतं. होतं की नव्हतं, कुणालाच कधी कळणार नव्हतं.  आणि मग मला जाणवलं, की मावशीच्या अहवालात लिहायला हवं होतं ते हेच. निगेटिव्ह नव्हे. सांगता येत नाही. आमच्या सगळ्यांच्या अहवालांत दोनच उत्तरं होती, आणि तिसरं कुणी लिहीतच नव्हतं. तिसरं लिहिलं असतं तर डॉक्टर म्हणाले असते, मग गोळी देऊनच बघू. गोळीनं फार काही बिघडत नाही.

तिथून माझं काम सुरू झालं. आधी मी दौंड-शिरूर रस्त्यावरचे आणि सोलापूर रस्त्यावरचे दवाखाने फिरले आणि बायकांच्या घरी गेले. विचारायचे एकच, बरणी कुठं ठेवली होती. झाडाला. पत्र्यावर. गोठ्यात. टेम्पोवाल्याकडं दिली. कासुर्डीत एका सुनेनं विहिरीच्या कडेला दगडाखाली ठेवली होती. केडगावला एका ख्रिस्ती आजींनी तर बरणीतली अर्धी गाठ कबरस्तानात पुरून टाकायला लावली होती, म्हणाल्या, "देवाघरी जाताना अंग कुठं कुठं गोळा करीत फिरू?" घरात कुणीच ठेवली नव्हती. कुणी निष्काळजीही नव्हतं. सगळ्यांनी आपापल्या परीनं जपलं होतं, आणि म्हणूनच नासलं होतं.

मग बायकांची लेखी संमती घेऊन प्रयोग केला. एकाच गाठीचा अर्धा भाग ऑपरेशनच्या खोलीतच काप देऊन भरपूर फॉर्मालिनमध्ये ठेवला. अहवाल त्याच भागावरून द्यायचा. उरलेल्यातला एक तुकडा आमचे लोक ठेवतात तसा. विभागाच्या गच्चीवर मी बरण्या टांगल्या. वर येणारे लोक मला बघून कुजबुजायचे. एकानं विचारलंच, "मॅडम, करणी-बिरणी काय?" मी म्हटलं, "हो, कॅन्सरवर."

निकाल आले तसे मी जास्त जास्त घाबरत गेले. तपकिरी गाठी गच्चीवर निळ्या होत होत्या. सगळ्या नव्हेत, पण पुष्कळ.

पेपर लिहिला. पहिल्या नियतकालिकानं परत पाठवला. परीक्षकाचं म्हणणं असं, की हे सगळ्यांना माहीतच आहे, फॉर्मालिन नीट घालावं हे पाठ्यपुस्तकात आहे. पाठ्यपुस्तकात होतं, बरणीत नव्हतं. दुसऱ्यानं घेतला. छापून आला त्या दिवशी सरांनी पेढे आणले आणि बाजूला घेऊन म्हणाले, "आता टोचून घ्यायची तयारी ठेवा."

टोचलंच. एका परिषदेत मी बोलून खाली बसते न बसते तोच एक ज्येष्ठ सर्जन उठले. "बाई, तुम्ही आमच्या ऑपरेशनवर शंका घेताय का?"

 मी म्हटलं, "नाही सर. बरणीत औषध किती घालता, एवढंच विचारतेय." मागं कुणीतरी हसलं. ते हसले नाहीत. पण संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी मला कोपऱ्यात गाठून विचारलं, "किती घालायला पाहिजे?"

त्यानंतर बराच काळ शांतता होती. ही शांतता संशोधकाला खाते. पेपर छापून आलाय, चुकीचा असेल तर लोक चुकीच्या बायकांना गोळ्या देतील, आणि त्या गोळ्यांच्या भरवशावर दुसरे उपचार टाळतील, असं माझ्या मनात यायचं. आई दर तपासणीला आली की तिच्या डॉक्टरच्या खोलीबाहेर मी तिचे जुने अहवाल पुन्हा पुन्हा चाळत बसायची. आईच्या तब्येतीवरून माझा पेपर खरा की खोटा ठरत नाही. एका बाईवरून काहीच ठरत नाही, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवत होते. बाहेर बाकावर बसले की ते शिकवणं उपयोगी पडत नसे. आई मात्र आत जाताना म्हणायची, "तोंड सरळ कर. डाक्टरला वाटंल तुलाच काय झालंय."

पहिला फोन दुसऱ्या राज्यातल्या एका प्रयोगशाळेतून आला. तिथल्या बाईंनी आमचा पेपर वाचून स्वतःच्या जुन्या निगेटिव्ह काचा पुन्हा काढल्या होत्या आणि फक्त निरोगी नळ्या बघितल्या होत्या. "तुमच्यासारखंच आहे हो," त्या म्हणाल्या. त्यांनाही कुणाकुणाची नावं आठवत असणार. त्यांनी ते छापलं आणि आमचा संदर्भ दिला. मग आणखी एकीनं. मग परदेशातल्या एका गटानं, ज्यांच्याकडं झाडं-गोठे नव्हते पण शनिवार-रविवार होते. शुक्रवारी काढलेल्या गाठी त्यांच्याकडंही सोमवारपर्यंत तशाच पडून राहत होत्या. ते वाचून मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. आमच्या लोकांचाच तेवढा दोष नव्हता.

एका पेपरनं आमची मर्यादाही दाखवली. गाठ अगदी नीट ठेवली तरी आपल्याकडं निगेटिव्ह गाठी काही प्रमाणात जास्तच राहतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे सरांचं जुनं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं. तो पेपर मी स्वतः सरांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "चला, निम्मा तरी पास झालो." मी तो पुढं माझ्या प्रत्येक लेखात घेत आले. मला अपुरी ठरवणारा असला तरी तो चांगला होता.

मावशीबद्दल आईला मी पुष्कळ उशिरा सांगितलं. ती निवडत बसली होती, तांदळातले खडे. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी तुलाबी म्हाईत न्हाई."

"नाही. कुणालाच नाही."

"मग न्हाई म्हाईत म्हनून लिही." ती पुन्हा खडे वेचायला लागली. "लोकांला उगं ठासून सांगू नगं."

दादांना त्या कडुलिंबाचं मी कधीच सांगितलं नाही. त्यांना अजूनही वाटतं की त्यांनी ती बरणी जपली म्हणून आई वाचली. काखेतली गाठ तळाशी शाबूत राहिली, कुत्र्यांनी नेली नाही, हे बघता त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

आमच्या विभागानं निगेटिव्ह लिहिण्याआधी निरोगी नळ्या बघायचा नियम केला. त्या निळ्या असतील तर अहवालात लिहितात, 'चाचणी ग्राह्य नाही, निष्कर्ष काढता येत नाही'. पुढं हा नियम इतर अनेक प्रयोगशाळांनी घेतला, आणि तो घेताना त्यांनी आमच्या पेपरचा संदर्भ दिला. दौंड आणि शिरूरच्या दवाखान्यांत गाठ आता ऑपरेशनच्या खोलीतच काप देऊन पूर्ण बुडेल एवढ्या फॉर्मालिनमध्ये ठेवतात, आणि ती पुण्याला पोचवायचं काम दवाखान्याचा माणूस करतो. आईनं पाच वर्षांच्या गोळ्या पूर्ण केल्या. तिचा आजार परत आला नाही.